जोडणी आणि जुळणी : खान्देशातील इअरफोनच्या इतिहासाचा एक धागा

ध्वनियंत्रांचा इतिहास लिहिताना यंत्र कोणी शोधले, कोणत्या साली शोधले आणि ते कोणत्या मार्गाने बाजारात आले, एवढ्याचीच नोंद बहुधा केली जाते. यंत्र आणि कान ह्यांच्यामध्ये काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. कारण मधला दुवा ज्या जातीचा असेल, त्यावर कानापर्यंत काय पोचणार आणि काय वाटेतच गळून पडणार, हे ठरत असते. जळगाव आणि धुळे ह्या खान्देशातील दोन नगरांचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. दोहोंमधील अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले. बोली परस्परांना सहज कळणाऱ्या. पूर्वी पूर्व खान्देश व पश्चिम खान्देश ह्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन जिल्ह्यांची ही मुख्य ठिकाणे. तथापि एका विशिष्ट काळात, केवळ इअरफोनच्या तारेच्या गुणधर्मामुळे, एका नगरातील श्रोत्याला आपल्या गावचे आकाशवाणी केंद्र खिशातल्या मोबाइलवर ऐकू येई आणि दुसऱ्या नगरातील श्रोत्याला येत नसे. हे कसे घडले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ह्या विषयासंबंधी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ती अशी की, आधी तार होती आणि पुढे विज्ञानाची प्रगती होऊन ती नाहीशी झाली. ही समजूत ऐतिहासिक क्रमाला धरून नाही. नभोवाणी जन्मापासूनच बिनतारी होती. आकाशाकडच्या बाजूला तार नव्हती, ती होती कानाकडच्या बाजूला. आज कानाकडची तार गेली आहे, पण यंत्राला आवाज पुरविणारी दुसरी बाजू पुष्कळदा समुद्रतळाच्या आणि जमिनीखालच्या तंतुवाहिन्यांना बांधलेली असते. म्हणजे तार नाहीशी झाली असे म्हणण्यापेक्षा ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

'तार' हा शब्दच मोठा बहुरंगी आहे. धातूचा ओढलेला धागा, तंबोऱ्याची तार, पाकाला येणारी तार, सप्तकातील तार आणि टपालखात्याची तार, इतके अर्थ तो मराठीत वाहतो. तंतू ह्या अर्थाचा फारसीतील 'तार' आणि उच्च स्वर ह्या अर्थाचा संस्कृतातील 'तार', ह्या दोहोंचा प्रवाह त्यात मिसळला असावा. मुंबई, इंदूर व आग्रा ही ठिकाणे विद्युत्-तारेने १८५४ च्या सुमारास जोडली गेली आणि १८५५ पासून ही सोय सर्वसामान्यांना खुली झाली. मुंबई-आग्रा हमरस्ता धुळ्यातून जातो. पुढे १८६० नंतरच्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळकडे आली आणि तिच्या रुळांच्या कडेने तारेचे खांबही आले. 'तार आली' ह्या दोन शब्दांत घरातील माणसांच्या छातीत धस्स व्हावे, अशी स्थिती पुढे शंभराहून अधिक वर्षे राहिली. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली. शब्द मात्र आपल्या इतर अर्थांच्या आश्रयाने सुखरूप आहे.

तारेवाचून संदेश जाऊ लागला तेव्हा मराठीने त्याला 'बिनतारी' म्हटले. बिनचूक, बिनशर्त, बिनविरोध ह्या शब्दांच्या पंक्तीत तो बसतो. ज्या वस्तूची अपेक्षा असते तिचा अभाव दर्शविणे, हे ह्या उपसर्गाचे कार्य. तेव्हा बिनतारी ह्या नावातच तार ही स्वाभाविक आणि तिचा अभाव नवलाचा, हा भाव गृहीत धरलेला आहे. इंग्रजीतील 'वायरलेस' ह्या शब्दाचीही तीच कथा.

इअरफोनचा जन्म नभोवाणीच्या आधीचा, दूरध्वनीच्या कुळातला. दूरध्वनी केंद्रात बसलेल्या चालकाला दोन्ही हात मोकळे ठेवून ऐकता यावे, ही त्यामागची मूळ गरज होती. त्याच केंद्रातील फळ्यावर एका ग्राहकाची वाहिनी दुसऱ्याशी जोडण्यासाठी पाव इंच जाडीची खुंटी आणि तिला सामावून घेणारे छिद्र १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले. आज ज्याला 'जॅक' म्हणतात तो हाच. त्याच्या आरंभीच्या रचनेतील पात्याचे मिटणाऱ्या चाकूशी, म्हणजे इंग्रजीतील 'जॅकनाइफ'शी, साम्य होते, त्यावरून हे नाव पडले. खान्देशातील दुकानदार छिद्राऐवजी खुंटीलाच जॅक म्हणतो आणि गिऱ्हाईक तिला 'पिन' म्हणते. नराचे नाव मादीला आणि मादीचे नराला जाण्याचा हा प्रकार हत्यारांच्या परिभाषेत नवा नाही.

डोक्यावर बसणारा, दोन्ही कानांना पुरणारा आणि मंद आवाजही स्पष्ट ऐकविणारा संच अमेरिकेतील युटा प्रांताच्या नॅथॅनियल बाल्डविन ह्याने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात तयार केला आणि १९१० मध्ये अमेरिकन आरमाराने तो स्वीकारला. त्याच सुमारास स्फटिक-संचाचा प्रसार होत होता. गॅलीना ह्या शिशाच्या खनिजाच्या खड्याचा विद्युत्-लहरी ओळखण्यासाठी उपयोग करण्याचे अमेरिकन एकस्व जगदीशचंद्र बोस ह्यांना १९०४ मध्ये मिळाले होते, ही गोष्ट ह्या संदर्भात विसरता येत नाही. स्फटिक-संचाला विद्युत्-घट लागत नसे. आकाशातील लहरीची जी काही अल्पशी शक्ती आकाशतारेवर जमा होई, तिच्यावरच इअरफोनचा पडदा हाले. म्हणूनच त्याच्याबरोबर ध्वनिक्षेपक चालत नसे; कानाला लावलेला इअरफोन हीच त्याची एकमेव वाणी.

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती दीड किलोवॅट होती. स्फटिक-संचावर ते मुंबईच्या आसपासच्या टापूत ऐकू येण्यासारखे होते. रेल्वेमार्गाने सव्वाचारशे किलोमीटरांच्या घरात असलेल्या जळगावी ते तसे ऐकू येणे शक्य नव्हते. त्यासाठी निर्वात नळ्यांचा महागडा संच, मोठे घट आणि घराच्या धाब्यावरून ताणलेली लांब तार हवी. मुंबई-पुण्याकडच्या हौशी मंडळींच्या आठवणींत इअरफोन कानाला लावून बसलेला श्रोता भेटतो. खान्देशाच्या इतिहासात नभोवाणीचा प्रवेश व्हायचा तो ध्वनिक्षेपकासह, म्हणजे चारचौघांत बसून ऐकण्याच्या रूपानेच व्हायचा होता. एकांतातील श्रवण येथे मागाहून आले. हा क्रम मुंबईच्या उलट आहे आणि प्रांतिक इतिहास मुंबईच्या इतिहासावरून बेतण्यातला धोका तो दाखवून देतो.

१९२७ ह्या सालाविषयी एक गोष्ट ओघाने नमूद करण्याजोगी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचे निधन धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे पुढच्याच वर्षी स्थापन झाले. मुंबईत आवाज आकाशात सोडला जात होता, त्याच वर्षी धुळ्यात जुने कागद जतन करण्याची संस्था उभी राहत होती. राजवाड्यांनी जमविलेला धातूंचा संग्रह पुढे कृ. पां. कुलकर्णी ह्यांच्या संपादनाखाली 'मराठी धातुकोश' म्हणून धुळ्याहूनच प्रसिद्ध झाला. मराठी क्रियापदाच्या अभ्यासकाला तो अद्यापि टाळता येत नाही. प्रस्तुत विषयाचाही उलगडा दोन धातूंच्या भेदातूनच होतो. त्याचा विचार पुढे येईल.

त्या काळची आणखी एक बाजू कायद्याची होय. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये परवान्यावाचून बिनतारी साधन जवळ बाळगणे हा गुन्हा ठरला. घरातील रेडिओसाठीदेखील टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. १९८० नंतरच्या दशकात हे शुल्क रद्द होईपर्यंत कित्येक घरांतून रेडिओबरोबर परवान्याचे पुस्तकही जपून ठेवलेले असे. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, हा परवाना केवळ ऐकण्यासाठी होता. आकाशात लहरी सोडण्याची कल्पनाही सामान्य नागरिकाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

ट्रान्झिस्टरने चित्र पालटले. १९५४ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर संच विक्रीस आला आणि पुढील दशकात ही यंत्रे भारतीय खेड्यांत पोचली. संचाच्या अंगावर साडेतीन किंवा अडीच मिलिमीटर व्यासाचे छिद्र असे आणि त्यात एकाच कानाचा इअरफोन खुपसता येई. ह्या छिद्रात एक छोटीशी युक्ती दडलेली होती. आतील लवचीक पट्टी एरवी ध्वनिक्षेपकाला जोडलेली असे. पिन आत जाताच ती पट्टी बाजूला सरे आणि ध्वनिक्षेपक मुका होई. घरभर पसरलेला आवाज एका झटक्यात एका माणसाचा होऊन जाई. रात्री सगळे निजल्यावर बातम्या ऐकणारा शिक्षक किंवा वर्गात मागल्या बाकावर क्रिकेटचे समालोचन ऐकणारा विद्यार्थी, हे ह्या लवचीक पट्टीचे अपत्य होय.

जळगावी आकाशवाणीचे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. ते मध्यम लहरींवरून, ९६३ किलोहर्ट्झ ह्या कंपनसंख्येवर ऐकू येई. शेतीविषयक माहिती, बाजारभाव, लोकगीते आणि ह्या भागातील बोलींचे वळण असलेले बोलणे प्रथमच यंत्रातून घरात आले, हे त्याचे महत्त्व. मुंबई-पुण्याची प्रमाण मराठी रेडिओवरून ऐकत आलेल्या माणसाला आपल्याकडचा उच्चार त्याच पेटीतून ऐकू यावा, ही घटना भाषेच्या इतिहासात लहान मानण्याचे कारण नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) ह्यांच्या रचना पुत्र सोपानदेव प्रभृतींनी ऐकून उतरवून घेतल्या नसत्या तर त्या विरून गेल्या असत्या. खान्देशातील भाषेचे पुष्कळसे धन असे कानाच्याच मार्गाने वाचलेले आहे.

मध्यम लहरींची लांबी फार मोठी. ९६३ किलोहर्ट्झची एक लहर सुमारे ३११ मीटर भरते. तिला पकडण्यासाठी ट्रान्झिस्टर संचाच्या पोटात फेराइट ह्या चुंबकीय पदार्थाची कांडी असते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. संच आडवा-उभा फिरविला की आवाज कमीजास्त होतो, हा अनुभव त्या कांडीचाच. सारांश, ह्या काळात लहर पकडण्याचे काम संचाच्या पोटातील कांडी करी आणि इअरफोनची तार फक्त ध्वनी वाहून नेई. दोघींची कामे वेगळी होती.

१९७९ मध्ये जपानी वॉकमन आला आणि त्याच्यामागोमाग स्वस्त नकला आल्या. अहिराणी गाणी, लग्नातली गाणी, तमाशातील वग, कीर्तने ह्यांच्या ध्वनिफितींचा बाजार ह्या यंत्रांवर चालला. पिनेच्या दृष्टीने येथे एक बदल झाला. एका कानासाठी दोन स्पर्शबिंदू पुरत. दोन कानांत दोन वेगळे आवाज सोडायचे तर तीन हवेत. पिनेवर दिसणारी काळी वळी ही ह्या भागांना अलग ठेवणारी कुंपणे होत. टोकाला डावा कान, त्यामागील कड्याला उजवा आणि बुंध्याच्या नळीला दोहोंचा परतीचा मार्ग, अशी वाटणी ठरली. मोबाइल आल्यावर बोलण्याचीही सोय हवी, म्हणून चौथा भाग आला आणि तेथे गोंधळ माजला. बोलण्याचा भाग आणि परतीचा मार्ग ह्यांचा क्रम काही उत्पादकांनी एक ठेवला, काहींनी नेमका उलटा. एका कंपनीचा इअरफोन दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलला लावला की गाण्यातील गायकाचा आवाज विहिरीत गेल्यासारखा होई, वाद्ये मात्र वाजत राहत. परतीचा मार्ग तुटल्याने दोन्ही कानांतील समान अंश परस्परांना छेदून टाकीत आणि गायकाचा आवाज बहुधा समान अंशातच असतो. तारेवरचे बटण दाबून धरले की परतीचा मार्ग पुन्हा जुळे आणि गायक परत येई. कित्येकांनी अशा इअरफोनला बिघडलेला समजून फेकून दिले. बिघाड वस्तूत नव्हता, करारात होता.

आता मूळ मुद्दा. इसवी सन २००० नंतरच्या दशकात मोबाइलमध्ये एफ.एम. रेडिओ आला. संच उघडला की 'इअरफोन जोडा' अशी सूचना पडद्यावर येई आणि तो जोडल्यावाचून रेडिओ सुरूच होत नसे. पुष्कळांना ती उत्पादकाची लबाडी वाटली. खरे कारण भौतिक होते. एफ.एम.ची कंपनसंख्या शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे लहरीची लांबी सुमारे तीन मीटर. तिचा चतुर्थांश पाऊण मीटर होतो आणि चतुर्थांश लांबीची तार ही उत्तम ग्राहक असते. इअरफोनची तार मीटरभर असते. उत्पादकांनी तिच्याच परतीच्या मार्गाला आकाशतारेचे काम दिले. अशा रीतीने कानापासून खिशापर्यंत लोंबणारी ती तार एकाच वेळी दोन दिशांनी राबू लागली: आकाशातून लहर खाली यंत्रात आणि यंत्रातून ध्वनी वर कानात. चहाच्या टपरीवर इअरफोन नुसता जोडून टेबलावर टाकलेला आणि आवाज मोबाइलच्या ध्वनिक्षेपकातून सर्वांसाठी सोडलेला, हे दृश्य त्या काळी सर्रास दिसे. तेथे इअरफोनचा कानाशी काहीच संबंध उरला नव्हता. तो केवळ आकाशतार होता.

ही युक्ती एफ.एम.पुरतीच उपयोगी होती. ३११ मीटरांच्या लहरीपुढे मीटरभर तार म्हणजे सागरापुढे ओंजळ. शिवाय मोबाइलमधील तबकडीत मध्यम लहरींचा ग्राहक बसविलेलाच नव्हता. परिणाम असा झाला की, धुळ्याचे आकाशवाणी केंद्र एफ.एम.वरचे असल्यामुळे धुळेकराला ते खिशातील मोबाइलवर ऐकू येई आणि जळगावचे मध्यम लहरींवरील प्रसारण जळगावच्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या श्रोत्याच्या मोबाइलला ऐकू येत नसे. जळगावात पुढे खाजगी एफ.एम. केंद्रे आली, तरुणांच्या कानांत ती शिरली. आकाशवाणी जळगाव घरातील जुन्या ट्रान्झिस्टरजवळ, वडीलधाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या सोबतीला राहिली. ह्या वियोगाची कारणमीमांसा करताना तरुण पिढीच्या अभिरुचीला बोल लावला जातो. अभिरुचीचा त्यात वाटा असेलही. परंतु ज्याच्या यंत्रात केंद्र लागतच नाही, त्याने ते ऐकणे सोडले असे म्हणणे न्यायाचे नाही.

ह्यानंतर इअरफोनची तारच गेली. १९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन व त्याचे सहकारी ह्यांनी अल्प अंतरावरील बिनतारी दुव्यावर काम सुरू केले आणि १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचे मानक चालविण्यासाठी मंडळ स्थापिले. दहाव्या शतकात डेन्मार्क व नॉर्वे एकत्र आणणाऱ्या हाराल्ड 'ब्लूटूथ' ह्या राजाचे उपनाव त्याला तात्पुरते म्हणून देण्यात आले आणि तेच कायम झाले. हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या दाताचे नाव आज चोपड्याच्या आणि शिरपूरच्या बाजारात रोज घेतले जाते.

भारतात ह्या साधनाचा मार्ग कायद्याने मोकळा केला तो २००५ मध्ये. त्या वर्षीच्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट मिळाली. ह्या बदलाचे महत्त्व १९३३ च्या अधिनियमाशेजारी ठेवून पाहिल्यासच ध्यानात येते. बिनतारी इअरफोन हा केवळ ग्राहक नाही, तो प्रक्षेपकही आहे; मोबाइलला तो क्षणोक्षणी उत्तर देत असतो. आजोबांना ऐकण्यासाठी परवाना लागत होता आणि नातू दोन्ही कानांत एकेक प्रक्षेपण केंद्र घालून विनापरवाना हिंडतो.

हा दुवा कसा चालतो, हे थोडक्यात असे. पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झ रुंदीचे ७९ मार्ग पाडलेले असतात आणि दोन्ही यंत्रे ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा मार्ग बदलीत बोलतात. हा क्रम दोघांनाच ठाऊक असल्यामुळे शेजारच्या शेकडो साधनांच्या गर्दीतही त्यांचे संभाषण बिघडत नाही. प्रथम भेटीत एकमेकांची ओळख पटवून दोघे एक गुप्त किल्ली आपापल्या स्मृतीत ठेवतात; पुढल्या वेळी डबी उघडताच ओळख पटते ती त्या किल्लीमुळे. दोन सुट्या बोंडांच्या बाबतीत एक अडचण येते. मानवी मस्तकात पाण्याचा अंश पुष्कळ असल्याने ह्या पट्ट्यातील लहर त्यातून आरपार नीट जात नाही. म्हणून काही संचांत एक बोंड मोबाइलकडून ध्वनी घेऊन दुसऱ्याला पुरविते, काहींत दुसरे बोंड पहिल्याचे बोलणे चोरून ऐकते, तर काहींत दोघांमधील व्यवहार चुंबकीय प्रवर्तनाने चालतो.

येथे पूर्वी उल्लेखिलेल्या दोन धातूंकडे वळता येते. तार जोडावी लागते; ब्लूटूथ जुळावे लागते. 'जोडणे' हे सकर्मक: कर्ता आहे, हात आहे, जोडल्याचे डोळ्यांना दिसते आणि ओढले की सुटते. 'जुळणे' हे अकर्मक: सूर जुळतात, पत्रिका जुळते, मने जुळतात; कर्त्याने कितीही खटपट केली तरी शेवटचा होकार दोन्ही पक्षांतून यावा लागतो. बोलचालीत 'कनेक्ट करणे' आणि 'कनेक्ट होणे' ह्या दोन रूपांनी हाच भेद पाळला जातो. तारेच्या इअरफोनविषयी 'जोडला का?' असा प्रश्न येतो, बिनतारीविषयी 'झाला का?' असा. तारेचा इअरफोन कोणत्याही छिद्राचा पाहुणा होऊ शके. ओळख विचारली जात नसे. बिनतारी संचाला आधी ओळख लागते आणि ती ओळख यंत्राच्या स्मृतीत राहते. सुलभतेच्या मोबदल्यात द्यावी लागलेली ही किंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नावांचाही एक गमतीचा प्रवास आहे. तारेच्या इअरफोनला खान्देशात अनेकजण 'हँड्सफ्री' म्हणतात: कानातील वस्तूला हाताच्या मोकळीकेचे नाव. ते दूरध्वनी चालकाच्या मूळ गरजेपर्यंत नकळत मागे जाऊन पोचते. बिनतारी संचाला मात्र दुव्याचेच नाव मिळाले. 'कानात ब्लूटूथ आहे' असे माणसे म्हणतात. तो दुवा अदृश्य झाला आणि नेमके त्याच वेळी त्याचे नाव वस्तूवर चढले. अहिराणी बोलणारा 'कानमा' म्हणतो. '-मा' हा गुजरातीशी नाते सांगणारा सप्तमीचा प्रत्यय यंत्रे कितीही बदलली तरी जागचा हललेला नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये अॅपलने आपल्या नव्या मोबाइलमधून साडेतीन मिलिमीटरचे छिद्र काढून टाकले आणि इतरांनी हळूहळू तीच वाट धरली. छिद्राबरोबर तार गेली आणि तारेबरोबर आकाशतारही गेली. एफ.एम. ग्राहक असलेल्या मोबाइलांची संख्या इतकी घटली की, २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला उत्पादकांस ही सोय चालू ठेवण्याची सूचना द्यावी लागली. आपत्तीच्या वेळी आंतरजाल बंद पडले तरी रेडिओ चालू राहतो, हे त्यामागील एक कारण. कळफलकाच्या साध्या मोबाइलांत मात्र हा रेडिओ टिकून आहे. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे प्रसारण आता आंतरजालावरूनही मिळते, तेव्हा तक्रारीचे कारण काय, असे कोणी म्हणेल. उत्तर असे की, आकाशातील लहर ऐकणाऱ्याची मोजदाद करीत नाही, त्याच्याकडून विदेचे पैसे घेत नाही आणि त्याने काय ऐकले ह्याची नोंद ठेवीत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जेथे मोबाइलचा संकेत अंधुक होतो, तेथे हा भेद तात्त्विक राहत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या इतिहासाशी आणखी एका कारणासाठी कर्तव्य आहे. आज बोलींचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर होते आणि ते ऐकून लिपीबद्ध करण्याचे काम विद्यार्थी पुष्कळदा बिनतारी इअरफोन लावूनच करतात. बिनतारी दुव्यावर ध्वनी आहे तसा जात नाही. तो आकुंचित करून पाठविला जातो. संगीत ऐकताना हे आकुंचन सौम्य असते. परंतु इअरफोनमधील बोलण्याचा भाग चालू झाला की जुन्या मानकाचे संच दूरध्वनीच्या रीतीवर उतरतात: सेकंदाला ८००० नमुने, म्हणजे चार किलोहर्ट्झच्या वरचे सारे गळून पडते. नंतरच्या मानकात नमुने १६००० झाले व मर्यादा आठ किलोहर्ट्झवर गेली. पण दोन्ही बाजूंची यंत्रे ते पाळीत असतील तरच.

'साल' आणि 'शाल' ह्यांतील आद्य व्यंजनांचा भेद प्रामुख्याने वरच्या पट्टीतील घर्षणात असतो आणि 'स'चे मुख्य बळ चार किलोहर्ट्झच्या वर असते. 'चार' ह्या संख्येतील तालव्य च आणि 'चारा' ह्यातील दंतमूलीय च ह्यांचा भेदही अशाच घर्षणावर पुष्कळ अवलंबून आहे. उलट ळकाराच्या जागी यकार, म्हणजे 'डोळा'ऐवजी 'डोया', हे खान्देशातील ठळक वैशिष्ट्य खालच्या पट्टीत स्पष्ट उमटते आणि अरुंद वाहिनीतूनही सुखरूप पोचते. ह्याचा अर्थ असा की, अशा साधनाने केलेल्या टिपणात ळ-यची नोंद विश्वसनीय निघेल आणि स-श किंवा दोन चकारांची नोंद संशयास्पद. चूक मात्र सर्व ठिकाणी सारखी पसरलेली नसल्यामुळे ती चूक आहे हे लक्षातच येत नाही. निवेदकाच्या बोलीत हा भेद पुसट झाला आहे, असा निष्कर्ष निघतो आणि प्रबंधात शिरतो. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ मध्ये, खान्देशीचे जे नमुने छापले गेले ते कानाने ऐकून हाताने उतरविलेले होते. त्यांतील दोष लेखनपद्धतीचे म्हणून ओळखता येतात; यंत्राच्या दुव्यात हरवलेला सकार लेखनात कोठेच खूण ठेवीत नाही.

म्हणून लिपीबद्ध करण्याच्या कामी तारेचा इअरफोन वापरावा. मोबाइलला छिद्र नसेल तर चपट्या नव्या छिद्रातून जोडणारा तुकडा बाजारात मिळतो. मुद्रण करतानाही बोलण्याचा भाग बिनतारी संचाचा न घेता यंत्राचा स्वतःचा किंवा तारेने जोडलेला घ्यावा, आणि कोणत्या साधनाने व कोणत्या दुव्याने ऐकले, हे निवेदकाचे गाव, वय व दिनांक ह्यांच्याशेजारी टिपणवहीत लिहून ठेवावे.